नॉलेज मोजता येत नाही, मग त्याच्याआधी 'अ' कसा चालतो?

तुमच्या मुलीच्या निबंधातली चार वाक्यं तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे बरं केलंत. ती आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय, आणि क्लासच्या सरांनी वही तपासून दिल्यापासून 'अ' कुठे लावायचा यावरून घरात वाद सुरू आहे असं तुम्ही म्हणता. सरांचा नियम एका ओळीचा आहे: भाववाचक नाम मोजता येत नाही, म्हणून त्याच्याआधी 'अ' किंवा 'ॲन' लावायचा नाही. त्या नियमाने त्यांनी 'आय हॅव अ गुड नॉलेज ऑफ अकाउंटिंग' मधला 'अ' खोडला. 'माय फादर गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस' मधला 'ॲन' खोडला. 'वर्किंग इन माय अंकल्स शॉप वॉज अ गुड एक्सपिरिअन्स' मधलाही खोडला. आणि 'आय हॅव मेड अ गुड प्रोग्रेस इन इंग्लिश' मधला मात्र तसाच राहिला. आता मुलगी म्हणते पुस्तकात 'अ गुड नॉलेज ऑफ' असंच छापलंय. मग खरं कोण?

निकाल आधी देतो, कारणं मागून. नॉलेजच्या वाक्यात मुलगी बरोबर होती, 'अ' खोडायची गरज नव्हती. ॲडव्हाइसच्या वाक्यात सर बरोबर. प्रोग्रेसच्या वाक्यातला 'अ' जायला हवा. एक्सपिरिअन्सच्या वाक्यात 'अ' ठेवला तरी बरोबर, काढला तरी बरोबर. फक्त अर्थ बदलतो, आणि तुमच्या मुलीला कुठला अर्थ हवा होता ते तिलाच विचारावं लागेल.

म्हणजे नामं चार, चारही भाववाचक, आणि चौघांची वागणूक तीन तऱ्हांची. यावरून एक गोष्ट उघड आहे की 'भाववाचक आहे का?' हा प्रश्नच कामाचा नाही. शाळेत आपण नामांचे प्रकार पाठ करतो ते ठीक, पण उपपद, म्हणजे 'अ', 'ॲन' हे आर्टिकल, त्या प्रकारांकडे बघून लागत नाही. बडोद्यातल्या आपल्या मुलांची अडचण आणखी वाढते, कारण घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि तिन्ही भाषांत आर्टिकल नावाचा प्रकार नाही. त्यामुळे कानावर काही पडत नाही, आणि मग माणूस नियमाच्या काठीवर जास्तच भार टाकतो.

'अ' हा मुळात 'एक'च आहे. जुन्या इंग्रजीत 'आन' असा एक शब्द होता, अर्थ 'एक'. पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या. जोर देऊन म्हटला जाणारा तो 'वन' झाला, घाईत म्हटला जाणारा 'ॲन' झाला, आणि व्यंजनाआधी त्यातला 'न'ही गळून नुसता 'अ' उरला. म्हणून त्याच्यात मोजणीचा वास अजून आहे, पण मोजणी एवढंच त्याचं काम नाही. आपल्याकडेच बघा. 'एक होता राजा' म्हटल्यावर दुसरा राजा कुठे गेला असं कोणी विचारत नाही. तो 'एक' ऐकणाऱ्याला ओळखीचा नसलेला राजा समोर आणून उभा करतो. आणि हाच 'एक' आपण भाववाचक नामांनाही बिनधास्त लावतो: 'तिच्या बोलण्यात एक गोडवा आहे', 'त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान होतं', 'घरात शिरताच एक अनामिक भीती वाटली'. गोडवा, समाधान, भीती यांतलं काहीही मोजता येत नाही, तरी 'एक' खटकत नाही, कारण आपण सगळ्या जगातल्या भीतीबद्दल बोलत नसून त्या घरातल्या, त्या वेळच्या, त्या तऱ्हेच्या भीतीबद्दल बोलतोय.

इंग्रजीतला 'अ' भाववाचक नामापुढे नेमकं हेच करतो. फिअर, ब्यूटी, नॉलेज ही परातीत मळून ठेवलेली कणीक समजा. 'अ' लावलात की त्यातला एक गोळा तोडून हातात घेतलात. कणीक तीच, पण आता तिला कड आहे. मराठीत हा 'एक' ऐच्छिक आहे, नाही म्हटला तरी वाक्य उभं राहतं. इंग्रजीत कड दिसायला लागली की 'अ' बहुतेक वेळा लावावाच लागतो. फरक एवढाच आहे, पण गोंधळ सगळा त्यातूनच होतो.

कड येते कशाने? बहुधा दोन गोष्टींनी. एक तर आधी विशेषण येतं, ती भावना किंवा तो गुण कसा होता हे सांगणारं. नाहीतर मागे शेपूट येतं: 'ऑफ' काहीतरी, 'फॉर' काहीतरी, 'टु' काहीतरी, 'दॅट' काहीतरी. नुसतं 'शी स्पोक विथ काम्नेस' ठीक आहे. 'शी स्पोक विथ अ काम्नेस दॅट सरप्राइज्ड अस' म्हटलं की तो शांतपणा कुठला ते शेपटाने सांगितलं, म्हणून 'अ' आला. बडोद्याच्या फतेहसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. त्यांच्याबद्दल 'दीज पेंटिंग्ज हॅव ब्यूटी' असं वाक्य व्याकरणाने चुकीचं नाही, पण ते कोरडं आहे, जणू गुणांच्या यादीतल्या एका चौकोनावर खूण केली. 'दीज पेंटिंग्ज हॅव अ क्वाएट ब्यूटी' म्हटलं की बोलणाऱ्याने चित्रं खरंच पाहिली आहेत असं वाटतं. मराठीत सांगायचं तर या चित्रांत 'एक शांत सौंदर्य' आहे, नाहीतर 'एक प्रकारचं' सौंदर्य.

ही 'एक प्रकारचं' घालून बघायची युक्ती मी मुलांना पहिल्यांदा शिकवतो. वाक्य मनात मराठीत म्हणा, नामाआधी 'एक प्रकारचा', 'एक प्रकारची' घाला. अर्थ न बिघडता बसलं तर इंग्रजीत 'अ' लागण्याची शक्यता चांगली आहे. 'अँगर इज बॅड फॉर हेल्थ' मध्ये 'एक प्रकारचा राग तब्येतीला वाईट' म्हणून बघा, बसत नाही, राग सगळाच वाईट म्हणायचंय. म्हणून 'अ' नाही. 'देअर वॉज अ कोल्ड अँगर इन हिज व्हॉइस' मध्ये बसतं. पण ही युक्ती पहिल्या चाळणीपुरती आहे. ती फसते कुठे ते खाली येईलच.

आता एक वाक्य जरा जवळून बघू, बडोद्याचंच घेतो. 'सयाजीराव हॅड अ पॅशन फॉर एज्युकेशन.' दोन भाववाचक नामं, शेजारी शेजारी. पॅशनला 'अ' आहे, एज्युकेशनला नाही. का? आवड ही सयाजीरावांची होती, एका माणसाची, 'फॉर एज्युकेशन' या शेपटाने तिची दिशाही सांगितली. शिक्षण मात्र एकूण शिक्षण, कोणा एकाचं नाही. पुढचं वाक्य: 'ही मेड प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी इन १९०६.' इथे विशेषण आलं, 'प्रायमरी', तरी 'अ' आला नाही! इथेच बरीच मुलं अडखळतात, कारण त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की विशेषण आलं की 'अ' लावा. 'प्रायमरी' हे विशेषण शिक्षण कसं होतं ते सांगत नाही, शिक्षणाचा कुठला विभाग ते सांगतं. प्रायमरी, टेक्निकल, फिजिकल ही खात्यांची नावं झाली. खातं अख्खंच असतं, त्याचा गोळा तोडलेला नसतो.

तिसरं वाक्य. सयाजीरावांच्या संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. 'आंबेडकर रिसीव्ह्ड ॲन एक्सलंट एज्युकेशन ॲट कोलंबिया.' इथे 'ॲन' हवाच. तेच एज्युकेशन, पण आता ते एका माणसाने, एका ठिकाणी, सुरुवात आणि शेवट असलेलं घेतलेलं शिक्षण आहे. म्हणूनच 'ही नेव्हर हॅड अ कॉलेज एज्युकेशन' यातही 'अ' येतो, 'कॉलेज' हे खात्याचंच नाव असूनही. कारण बोलणं एका माणसाच्या वाट्याला आलेल्या किंवा न आलेल्या शिक्षणाबद्दल आहे. विशेषण फक्त इशारा देतं. खरी तपासणी ही की मी अख्ख्या गोष्टीबद्दल बोलतोय की तिच्या एका कड असलेल्या तुकड्याबद्दल.

आणि गंमत म्हणजे या एज्युकेशनचं अनेकवचन होत नाही. 'टू एज्युकेशन्स' कोणी म्हणत नाही. 'अ गुड नॉलेज ऑफ' चालतं, 'नॉलेजेस' चालत नाही. 'अ गुड स्लीप' चालतं, 'थ्री गुड स्लीप्स' कानाला विचित्र लागतं. सरांचा नियम इथे कोसळतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे की नॉलेज मोजता येत नाही. चूक एवढीच की मोजता येत नाही म्हणून 'अ' येत नाही हे गृहीत धरलं. इंग्रजीत नामांचा एक मोठा जथा असा आहे ज्याला 'अ' चालतो पण 'एस' चालत नाही. नॉलेज, एज्युकेशन, अंडरस्टँडिंग, अवेअरनेस, डिस्ट्रस्ट हे सगळे त्यातले. मुलीच्या वाक्यात 'गुड' होतं आणि 'ऑफ अकाउंटिंग' होतं, म्हणजे कडेच्या दोन्ही खुणा होत्या. 'आय हॅव गुड नॉलेज ऑफ अकाउंटिंग' असंही लोक लिहितात आणि ते चूक धरलं जात नाही. म्हणून सरांनी खोडल्याने वाक्य बिघडलं नाही, फक्त मुलीचा स्वतःच्या कानावरचा विश्वास बिघडला, आणि माझ्या मते ते जास्त महाग पडलं.

आता हट्टी शब्द. ॲडव्हाइस, प्रोग्रेस, इन्फर्मेशन, न्यूज, लक, वेदर, हेल्थ, बिहेविअर, एव्हिडन्स, रिसर्च, होमवर्क, परमिशन, फन, आणि कष्ट या अर्थाचं वर्क. यांना कितीही विशेषणं लावा, मागे कितीही लांब शेपूट जोडा, 'अ' येत नाही. 'एक्सलंट वेदर', 'स्ट्राँग एव्हिडन्स', 'गुड प्रोग्रेस', 'व्हेरी बॅड लक'. का येत नाही याला तर्क नाही. तर्क शोधत बसू नका, वेळ जाईल. इंग्रजांनी या कणकेचे गोळे करायचे नाहीत असं ठरवलं, संपलं. (यांतल्या काहींची अनेकवचनी रूपं इकडेतिकडे भेटतात, पण परीक्षेच्या निबंधात त्यांच्या वाटेला जाऊ नये.)

आपली मराठी इथे दगा देते, आणि वर सांगितलेली युक्ती फसते ती इथेच. मराठीत सल्ले देता येतात, पुरावे गोळा करता येतात, सकाळपासून चार बातम्या आल्या असं म्हणता येतं. म्हणून 'ॲन ॲडव्हाइस', 'ॲन एव्हिडन्स', 'अ न्यूज' आपल्या तोंडात आपोआप येतं. 'इट वॉज अ गुड लक', 'इट टुक अ हार्ड वर्क', 'शी स्पीक्स अ गुड इंग्लिश' या तीन चुका मला आठवड्यात एकदा तरी वहीत सापडतात. शेवटची तर फार पसरलेली आहे. भाषेच्या नावाला 'अ' लागत नाही: 'शी स्पीक्स गुड इंग्लिश'. पण 'शी हॅज अ गुड कमांड ऑफ इंग्लिश' म्हटलं की 'अ' हवा, कारण तो 'कमांड'चा आहे, इंग्लिशचा नव्हे.

हट्टी शब्दाचा एक नग सांगायचाच असेल तर मोजणारा दुसरा शब्द आणतात. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ पीस ऑफ न्यूज', 'अ स्ट्रोक ऑफ लक', 'अ स्पेल ऑफ बॅड वेदर'. हे तयार जोड आहेत, जसे आहेत तसे उचलायचे. 'पीस ऑफ' हाताला लागलं म्हणून ते सगळ्यांना लावत सुटू नये. 'अ पीस ऑफ प्रोग्रेस' असं कोणी म्हणत नाही. आणि मुलीच्या वाक्यात तर 'माय फादर गेव्ह मी सम ॲडव्हाइस' एवढं सरळ लिहिलं तर कुणाला काही सुचवावं लागणार नाही. 'सम' हा या शब्दांचा सगळ्यात सोपा सोबती आहे.

तुमची मुलगी अकाउंटिंगवाली आहे म्हणून एक सांगून ठेवतो, नाहीतर ती उद्या मलाच अडवेल. बँकेच्या भाषेत 'ॲडव्हाइस' म्हणजे रक्कम जमा झाली किंवा वळती झाली हे कळवणारी चिठ्ठी. त्या अर्थाने 'अ क्रेडिट ॲडव्हाइस', 'अ पेमेंट ॲडव्हाइस' बिनचूक आहे. तो कागद आहे, सल्ला नाही. कागद मोजता येतो.

एक्सपिरिअन्ससारख्या दुहेरी शब्दांकडे येऊ. इथे मराठी कान उलट मदतीला येतो, कारण आपला 'अनुभव'ही असाच दुहेरी आहे. 'त्यांना या कामाचा दांडगा अनुभव आहे' यात अनुभव म्हणजे साठलेली जाण, आणि 'काल रिक्षात एक वाईट अनुभव आला' यात अनुभव म्हणजे घडलेला प्रसंग. इंग्रजीत पहिल्याला 'अ' नाही, दुसऱ्याला आहे. म्हणून 'शी हॅज वर्क एक्सपिरिअन्स', आणि 'इट वॉज अ स्ट्रेंज एक्सपिरिअन्स'. मुलीच्या वाक्यात मामांच्या की काकांच्या दुकानात काम करणं 'वॉज गुड एक्सपिरिअन्स' म्हणजे त्यातून पुढे उपयोगी पडेल असं शिकायला मिळालं. 'वॉज अ गुड एक्सपिरिअन्स' म्हणजे ते दिवस छान गेले. आयेल्ट्सच्या निबंधात दोन्ही चालेल. पण उद्या हेच वाक्य ती कॅनडाच्या कॉलेजला पाठवायच्या निवेदनात घालणार असेल तर मी पहिलं ठेवीन. प्रवेश देणाऱ्याला तिचे दिवस कसे गेले यापेक्षा ती काय शिकली यात रस असतो.

असे दुहेरी शब्द पुष्कळ आहेत. 'काइंडनेस' म्हणजे दयाळूपणा, 'अ काइंडनेस' म्हणजे केलेला एक उपकार. 'इनजस्टिस' अन्याय सगळाच, 'ॲन इनजस्टिस' कुणावर झालेला एक अन्याय. 'यूथ' तारुण्य, 'अ यूथ' तरुण मुलगा, आणि वर्तमानपत्रात तो बहुतेक वेळा पोलिसांच्या संदर्भातच भेटतो. 'अथॉरिटी' अधिकार, 'ॲन अथॉरिटी ऑन म्यूझिक' म्हणजे संगीतातला ज्याचा शब्द प्रमाण मानतात असा जाणकार. 'टाइम' तर रोजचाच: वेळ असेल तर 'आय हॅव टाइम', पण नवरात्रात मजा आली तर 'वी हॅड अ ग्रेट टाइम ॲट द गरबा'. हा 'अ' गाळून 'वी हॅड ग्रेट टाइम' म्हणणारे आपल्या शहरात ढिगाने आहेत. तीच गत 'हिस्टरी'ची. शहरावर निबंध आला की निम्म्या वह्यांत 'वडोदरा हॅज लाँग हिस्टरी' असतं. हिस्टरी हा शाळेचा विषय असेल तर 'अ' नाही. पण एका शहराचा लांबलचक इतिहास म्हणजे 'अ लाँग हिस्टरी'. त्याच निबंधात पुढे 'अ लाँग ट्रॅडिशन ऑफ म्यूझिक' येऊ द्या. परंपरेला 'अ', संगीताला काही नाही. मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून फैयाज खाँसाहेबांच्या दरबारी गाण्यापर्यंत लिहिण्यासारखं भरपूर आहे, आणि मुलं लिहितात लक्ष्मी विलास पॅलेस किती मोठा आहे एवढंच. असो.

घडलेल्या गोष्टीवर शेरा मारतानाही भाववाचक नाम 'अ' घेऊन येतं. 'द एक्झिबिशन वॉज अ सक्सेस.' 'यू वेअर अ ग्रेट हेल्प.' 'व्हॉट अ रिलीफ!' 'इट्स अ पिटी.' भावना इथे त्या प्रसंगाला चिकटली, म्हणून तिला कड आली. 'विथ प्लेझर' मध्ये 'अ' नाही, पण 'इट वॉज अ प्लेझर मीटिंग यू' मध्ये आहे, आणि आपल्याकडच्या ईमेलांत तो हमखास गळतो. 'शेम'मध्ये तर अर्थच सरकतो. 'शेम' म्हणजे लाज. 'इट्स अ शेम यू कुडन्ट कम' म्हणजे तुम्हाला येता आलं नाही, वाईट वाटलं. समोरच्याची कोणी लाज काढलेली नाही. इथेही हट्टी शब्द हट्टीच राहतात: 'व्हॉट लक!', 'इट वॉज ग्रेट फन', 'इट वॉज हार्ड वर्क'.

एक 'अ' असा आहे जो नामाचा नसतोच, पण त्याच्यावाचून अर्थ उलटा होतो, म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही. 'देअर इज अ लिटल होप' म्हणजे थोडी का होईना आशा आहे. 'देअर इज लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाही. दवाखान्यातून आलेल्या इंग्रजी निरोपात हा 'अ' आहे की नाही हे बघायला हवं. निबंधात 'गव्हर्नमेंट हॅज शोन लिटल इंटरेस्ट' ही टीका आहे, 'अ लिटल इंटरेस्ट' हे अर्धं कौतुक. ज्याला टीका करायची आहे त्याने सवयीने 'अ' घालू नये.

तुमच्या मुलीला प्रत्यक्षात लागणारा माल म्हणजे निबंधात आणि प्रवेशाच्या निवेदनात सतत येणारे शब्दसमूह. 'अ कीन इंटरेस्ट इन', 'अ स्ट्राँग डिझायर टु', 'अ थरो अंडरस्टँडिंग ऑफ', 'ॲन अवेअरनेस ऑफ', 'अ विलिंगनेस टु लर्न', 'अ लॅक ऑफ', 'अ सेन्स ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी'. या सगळ्यांना शेपूट आहे हे लक्षात आलं असेल. शेवटच्यात तर 'अ सेन्स ऑफ' ला 'अ' आणि रिस्पॉन्सिबिलिटीला काही नाही. हे समूह वहीत सुटे शब्द म्हणून उतरवू नयेत, अख्खे उतरवावेत, 'अ'सकट आणि शेपटाच्या पहिल्या शब्दासकट. तसंच 'टेक ॲन इंटरेस्ट इन' पण 'टेक प्राइड इन', 'मेक ॲन एफर्ट' पण 'मेक प्रोग्रेस', 'इन अ हरी' पण 'इन हेस्ट'. यांत नियम शोधला तर डोकं दुखेल. चार दिवस मोठ्याने म्हणा, जीभ लक्षात ठेवते.

परीक्षेत याला किती किंमत आहे असंही तुम्ही विचारलंत. लेखनाच्या गुणांत चार निकष सारख्या वजनाचे असतात, त्यातला एक व्याकरणाचा. दोन आर्टिकलं चुकली म्हणून कोणी नापास होत नाही. पण सात बँडच्या, म्हणजे सात गुणांच्या पातळीच्या, वर्णनात बिनचूक वाक्यं वारंवार यायला हवीत अशी अपेक्षा आहे, आणि एक गळालेला 'अ' चांगलं रचलेलं वाक्यसुद्धा बिनचुकांच्या यादीतून बाहेर काढतो. सहावर अडकलेल्या मुलांच्या वह्या मी बघतो तेव्हा मोठ्या चुका फारशा नसतात. असल्याच बारीक चुका ओळीओळीला पेरलेल्या असतात.

शंका आली तर शब्दकोश उघडा, पण कुठला ते बघून. मोबाइलवरचा इंग्रजी-मराठी कोश अर्थ देईल, 'अ'चं काही सांगणार नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमन यांचे कोश घ्यावेत. त्यांत प्रत्येक नामापुढे 'सी' म्हणजे मोजता येतं, 'यू' म्हणजे मोजता येत नाही, अशी खूण असते. आपल्या कामाची तिसरी खूण आहे, 'सिंग्युलर' अशी किंवा तिचा संक्षेप. ती दिसली की समजा 'अ' चालतो पण अनेकवचन होत नाही. ऑक्सफर्डमधल्या नॉलेजच्या नोंदीत ती सापडेल, ॲडव्हाइसच्या नोंदीत नुसता 'यू' असेल. सरांना दाखवायचं असेल तर हे पान दाखवा, माझं उत्तर नको. या तऱ्हेच्या कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवता शिकवता घातला. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. जपानी भाषेतही आर्टिकलं नाहीत, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांचं अडणं आपल्यासारखंच होतं, आणि कुठलं नाम मोजता येतं हे त्या कोशात म्हणूनच टिपलेलं होतं.

राहिला 'अ' की 'ॲन' हा प्रश्न, तो तुम्ही जाता जाता विचारलाय. इथे देवनागरी येणाऱ्याची चैन आहे. पुढचा शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने झाला तर 'अ'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघायचंच नाही. ऑनर स्वराने सुरू होतो म्हणून 'ॲन ऑनर'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. पुढे भाववाचक नाम असलं तरी बघायचं ते लगेच पुढच्या शब्दाकडे: 'ॲन अंडरस्टँडिंग', पण 'अ डीप अंडरस्टँडिंग', 'अ डिझायर', पण 'ॲन इन्टेन्स डिझायर'. आद्याक्षरांनाही हेच लागू. त्यामुळे मुलीने स्वतःची ओळख 'अ युनिव्हर्सिटी स्टुडंट' अशी करून दिली तर 'अ', आणि 'एम. एस. युनिव्हर्सिटी स्टुडंट' अशी करून दिली तर 'ॲन'.